जाड चादरी आधी

धुलाईघरातला मोठा रोलर दोन बायांशिवाय चालत नाही. दवाखान्यांच्या चादरी धुऊन, पिळून, ओल्याच गाड्यात भरून येतात. एकीनं उजवं टोक धरायचं, दुसरीनं डावं. दोघींनी एकदम ताणायचं, काठ सरळ करायचा आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात द्यायचा. पलीकडून चादर कोरडी होऊन निघते, कोऱ्या कागदासारखी. मैत्रिणींना हे काम सोपं जातं, मायलेकींना जमतं. या रोलरवर उभ्या होत्या दोघी जावा, आणि त्यांच्यात बोलणं नव्हतं.

बोलणं नव्हतं म्हणजे शब्द नव्हते असं नाही. शब्द उदंड होते, फक्त एकमेकींना उद्देशून नव्हते. सासू गेली त्या दिवशी, भरल्या घरात, थोरली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "हिनं शेवटचा घोटसुद्धा पाजला नाही." धाकटी तेव्हा पाण्याचा पेला हातात घेऊनच दारात उभी होती. पेला तसाच मोरीत रिकामा केला आणि त्या दिवसापासून थोरलीशी बोलणं तोडलं. मग घरात जे सांगायचं ते भिंतीला सांगायचं, पातेल्याला सांगायचं, नवऱ्याच्या पाठीला सांगायचं. धुलाईघरात भिंत लांब होती, म्हणून दोघी मशीनला सांगायच्या.

"मशीनबाई, कुणाचे हात आज घरीच राहिलेत का गं?" थोरली विचारायची.

"मशीनबाई, ओढणारीला सांग, ही चादर आहे, कुणाच्या झिंज्या नव्हेत," धाकटी उत्तर द्यायची.

थोरलीला ओव्या जुळवायची जुनी खोड. माया आटली तरी ती खोड आटली नव्हती.

"पातळ गं चादर, वाऱ्यानं उडाली,
धरणारीच्या डोळ्यांवर झापड का आली?"

धाकटीही काही कमी नव्हती.

"जाड गं चादर, पाण्यानं जड झाली,
ओढणारीची जीभ काही थकून नाही गेली!"

पलीकडे घड्या घालणाऱ्या बाया खुदखुदायच्या. त्यांना फुकटचा तमाशा. इकडे धाकटीच्या छातीत मात्र कुणीतरी दार बडवत असायचं.

त्या दुपारी चादर अडकली. जाड चादर, पाणी प्यायलेली. धाकटीच्या बाजूचा काठ दुमडला होता, तो सरळ व्हायच्या आत रोलरनं ओढून घेतला. कापड आत गुंडाळत गेलं, वाफ फुसकारली, जळका वास सुटला. मशीन थांबवायचं लाल बटण थोरलीच्या बाजूला. तिनं ते दाबलं, पण आधी धाकटीकडे एक नजर टाकून मग दाबलं.

सुपरवायझर शिट्टी वाजवतच आला. हॉलमधल्या धडधडाटात माणसाचा आवाज पोचत नाही म्हणून त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून बायांनी त्याचं नावच शिट्टी ठेवलेलं.

"घरच्या घरच्या आहात, जमेल, असं म्हणून एकत्र ठेवलं तुम्हाला," तो म्हणाला. "जमतंय ते दिसतंय. आता पुन्हा एक चादर अडकू द्या. दोघींतली एक मळक्या खोलीत. कोण ते सांगायला नको."

सांगायला नको होतंच. रोलरवर थोरली जुनी, धाकटी नवी. त्याची नजर धाकटीवर होती.

"ऐकलंस ना मशीनबाई?" थोरली जळकं कापड उपसत म्हणाली. "आता कुणाचं तरी बोचकं बांधायला घे."

मळकी खोली धाकटीला ठाऊक होती. कामाला लागली तेव्हा तिथंच होती. दवाखान्यांतून आलेली पोती तिथं उघडतात. रक्ताचं वेगळं, औषधाचं वेगळं, ओकारीचं वेगळं. वरून ते उग्र जंतुनाशक. हातमोजे घातले तरी तिचे हात कोपरापर्यंत फुटले होते, भेगाळलेल्या जमिनीसारखे झाले होते. तेही तिनं सोसलं असतं. पण एका सकाळी वेणी घालायला बसलेली लेक मान चुकवून म्हणाली, "आई, तुझे हात टोचतात. वेणी काकू घालू दे." आणि उठून थोरलीच्या पुढ्यात जाऊन बसली. हात बरे झाले, रोलरवर जागा मिळाली, तरी वेणी थोरलीकडेच राहिली. आता पुन्हा ते हात झाले, तर पोरीचा उरलासुरला स्पर्शही जायचा. मळक्या खोलीला धाकटी भीत होती ती यासाठी.

मशीन साफ होईपर्यंत सवड होती. धाकटी मलमपट्टीच्या खोलीत गेली. तिथल्या नर्सला सगळे पट्टीबाई म्हणत. पट्टीबाईचं तोंड भाजक्या विटेसारखं, आणि खोलीत खुर्ची एकच.

"गोळी द्या," धाकटी म्हणाली.

"कशाची?"

"छातीतली धडधड थांबायची."

"तशी गोळी असती तर आधी मी घेतली असती. बस." पट्टीबाईनं नाडी बघितली, डोळे बघितले, हात सोडून दिला. "धडधड कधी होते?"

"कायमच."

"झोपेत होते?"

"नाही."

"मग कायम नाही. कधी?"

धाकटीला राग आला. माणूस मरायला टेकलंय आणि ही शाळा घेतेय. "कामावर होते. झालं समाधान?"

"आल्या आल्या होते?"

धाकटी उत्तर द्यायला गेली आणि थांबली. आल्या आल्या होत नव्हती. हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. "जेवणानंतर होते."

"जेवणानंतर काय बदलतं? माणसं तीच, मशीन तेच."

"जाड चादरी येतात."

"सकाळी का येत नाहीत?"

"सकाळी आम्ही पातळ लावतो. त्या झरझर जातात, नग जास्त भरतात. शिट्टी जेवणाआधी येऊन नग बघतो ना. जास्त दिसले की गप्प बसतो."

"म्हणजे सकाळी त्याला खूश करायचं आणि दुपारी स्वतः भाजून घ्यायचं. छान आहे."

"मी नाही, जाऊबाई करतात!" धाकटीचा आवाज चढला. "वेगाचा दांडा त्यांच्या बाजूला आहे. जाड चादर आली की मुद्दाम वेग वाढवतात, माझं टोक दुमडलेलं राहावं म्हणून. मी इथून जावी म्हणून."

"मुद्दाम कशावरून?"

"मला कळतं."

"विचारलंस?"

"आम्ही बोलत नाही."

"बरं. यातलं बदलता येण्यासारखं काय आहे?"

"त्यांना दुसरीकडे पाठवा."

"ते तुझ्या हातात आहे?"

"नाही."

"माझ्याही नाही. पुढचं सांग." पट्टीबाईनं कपाट उघडून कापूस मोजायला घेतला. "वेग का वाढतो ते तुला माहीत नाही. जाड चादरी आधी का नाहीत ते तुम्ही कुणी कधी विचारलं नाही. या दोन्हींवर माझ्याकडे मलम नाही. रडायचं असेल तर बाहेर बाक आहे. ऊठ, खुर्ची लागेल मला."

"तुम्हाला माणसं आवडत नाहीत का हो बाई?"

"आवडतात. बरी होऊन गेली की."

धाकटी पाय आपटत बाहेर पडली. गोळी नाही, फुंकर नाही, दोन गोड शब्दही नाहीत. चपलेत खडा जावा तसे प्रश्न तेवढे बरोबर आले. काढावेत म्हटलं तर वाकावं लागणार.

संध्याकाळी घरात तेच ते. एक स्वयंपाकघर आणि दोन शेगड्या. दोरीचा अर्धा भाग हिच्या कपड्यांना, अर्धा तिच्या. धाकटी भांडी घासत होती आणि तोंड आपसूक दाराकडे होतं. बाहेरच्या खोलीत थोरली लेकीची वेणी घालत होती. रोज दिसणारं दृश्य, रोज तिनं मान फिरवलेली. आज मान फिरवली नाही. डोक्यात तो खडा होता: वेग का वाढतो?

थोरलीनं पोरीला पाटावर बसवलं नाही, खाली फरशीवर बसवलं, आणि स्वतः उंच स्टुलावर बसली. म्हणजे हात वर न्यायला नको. तरी कंगवा टाळूपर्यंत गेला आणि मध्येच थबकला. थोरलीनं ओठ आवळले. मग कंगवा गुपचूप डाव्या हातात घेतला. थोड्या वेळानं तिनं वरच्या फळीवरचा डबा काढला तोही डाव्या हातानंच. उजवा हात कडेला लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

धाकटीला दया आली नाही. आधी आला तो संताप. म्हणजे हिचा खांदा दुपारपर्यंत दगड होतो, हिला काम लवकर उरकायचं असतं, म्हणून दांडा वर जातो. आणि मी समजतेय माझ्यावरचा राग. एवढे दिवस छातीत बडवून घेतलं ते हिच्या खांद्यापायी! हिनं एकदा, एका शब्दानं, पातेल्याला का होईना, सांगितलं असतं तर? मग तिच्या लक्षात आलं, सांगायचं कुणाला? बोलणं तर आपणच तोडलंय. या विचारानं संताप कमी झाला नाही, फक्त त्याला बसायला दोन जागा झाल्या. तिनं घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

सकाळी कामावर आल्याबरोबर तिनं आधी पट्टीबाईची खोली गाठली, दोन वाक्यं बोलली आणि परत आली. मग रोलरपाशी उभं राहून, दोन्ही गाडे नीट बघून म्हणाली, "मशीनबाई, जेवणानंतर कुणाचा खांदा वर जात नाही, म्हणून दांडा वर जातो का गं?"

थोरलीच्या हातातलं टोक सुटलं.

"मशीनबाई," ती दातओठ खात म्हणाली, "कुणाचे डोळे फार लांब चाललेत. फुटतील म्हणावं."

"नाही म्हणा. मी गप्प बसते."

थोरली नाही म्हणाली नाही. "खांदा कुणाचा, दुखणं कुणाचं. कुणाच्या बापाचं काय जातं?"

"माझी जागा जाते." धाकटीनं जाड चादरींचा गाडा हातानं दाखवला. "या आधी लावल्या तर? आत्ता हात ताजे आहेत. वेग खाली ठेवता येईल. जेवणानंतर पातळ. त्या मेल्या हातानंही जातात."

"आणि जेवणाआधी नग कमी भरले की शिट्टी कुणाच्या कानात वाजणार?"

"दोघींच्या."

"वा! मशीनबाई, एवढे दिवस त्याचं तोंड बंद ठेवलं मी, ते आता उघडायचं. कुणाला मळक्या खोलीची हौस आलीय!"

"हौस नाही," धाकटी म्हणाली. "भीती वाटते."

हे ती मशीनकडे बघून म्हणाली नाही. कुणाकडे बघून म्हणाली ते तिलाही कळलं नाही. पलीकडच्या बाया खुदखुदायच्या राहिल्या.

थोरलीनं पातळ चादरींचा गाडा पायानं बाजूला लोटला. जाड चादरींचा डाव्या हातानं पुढे ओढला. "पडलं झडलं तर हिच्यामुळे. मशीनबाई, साक्षीला राहा."

दांडा खाली आला. रोलर म्हातारीच्या चालीनं फिरू लागला. पहिली चादर उचलताना थोरलीचा चेहरा पिळल्यासारखा झाला, पण हात गेला वर. टोकं ताणली, काठ सरळ झाला, कापड आत गेलं. दुसरी गेली, तिसरी गेली. प्रेमानं नव्हे, भांडतच.

"मशीनबाई, डावीकडे घडी राहिलीय, आंधळी आहेस का?"

"मशीनबाई, दिसलीय, थांब म्हणावं. हं, आता सोड."

"मशीनबाई, सोड म्हणायला कुणी राणी लागून गेलीय का?"

पण थांब म्हटलं की थांबत होतं आणि सोड म्हटलं की सुटत होतं. तोंडातून निघणारी शिवी वाटेत कामाला लागत होती. गाडा निम्मा झाला तेव्हा धाकटीला जाणवलं की छातीतलं दार आज कुणी बडवत नाहीये. तिला आनंद झाला नाही. ती शिट्टीची वाट बघत होती.

तो जेवणाआधी आला. पलीकडचा ढीग बघितला, पुन्हा बघितला, आणि कानाशी येऊन शिट्टी फुंकली.

"हे काय आहे? एवढेच नग? झोपा काढता?"

"जाड आधी लावल्यात साहेब," धाकटी म्हणाली.

"कुणाला विचारून?"

दोघींनी हातातली टोकं ताणूनच धरली.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

थोरलीनं मान वर केली. धाकटी तिच्या तोंडाकडे बघू लागली. आता एक शब्द, आणि सगळं संपेल. तो शब्द खराही होता.

"हिच्या," थोरली म्हणाली.

"मला वाटलंच." शिट्टीनं धाकटीकडे बोट केलं. "चल. हातमोजे घे. मळकी खोली."

धाकटीनं हातातलं टोक खाली ठेवलं. बोटं कोरडी होती, शाबूत होती. तिनं ती पदराखाली घेतली.

"थांबा, माझं संपलं नाही," थोरली म्हणाली. मशीनला नव्हे, शिट्टीला. "डोक्यातून हिच्या निघालं, गाडा मी ओढला. मशीनला विचारा. एक चादर अडकली का सकाळपासून? काल याच चादरींनी तुमचा पाऊण तास खाल्ला. आता फक्त पातळ राहिल्यात. काम सुटेस्तोवर थांबा, मग मोजा. कमी भरल्या तर मी जाते मळक्या खोलीत."

"तू?"

"मी. हिला तिथं नेऊन काय करणार? हात फुटतात हिचे. महिन्याभरात घरी बसेल. मग नवी बाई आणाल आणि शिकवायला माझ्या डोक्यावर बसवाल. मला नाही वेळ."

शिट्टीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. भांडणाऱ्या बाया त्याला समजत होत्या. हे काय चाललंय ते समजेना. "काम सुटेस्तोवर," तो म्हणाला. "एक नग कमी, तर दोघीही."

जेवण दोघींनी दोन टोकांना बसून केलं. धाकटीला घास उतरला, याचंच तिला नवल वाटलं. मग पातळ चादरी सुरू झाल्या. थोरलीचा खांदा ठरल्या वेळी दगड झाला. तिनं उजवा हात कमरेला टेकवला आणि डाव्यानं टोक देऊ लागली. पातळ चादर तेवढ्यानंही जात होती. एकदा टोक निसटलं. धाकटीनं पुढे झुकून ते झेललं, आणि थोरलीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू चोरीच पकडली. दांडा जरा वर गेला. या वेळी आधी आवाज आला, "मशीनबाई, वाढवतेय." धाकटी म्हणाली, "वाढव म्हणावं."

काम सुटताना दोन्ही गाडे रिकामे होते. ढीग रोजच्याइतका भरला, वर थोडा उरलाही. शिट्टीनं तो दोनदा मोजला. शाबासकी तर तोंडातून निघणार नव्हतीच.

"वेळ उरतोय वाटतं तुम्हाला," तो म्हणाला. "मग उद्यापासून पडदेही इथंच. जेवणानंतर."

थोरलीच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्तही उतरलं. पडदे म्हणजे जाड चादरींचे बाप. धाकटीनं ते बघितलं. छातीतलं दार एकदा वाजलं. मग तिला तो भाजक्या विटेचा चेहरा आठवला, आणि तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, "पडद्यांचे हुक कोण काढणार साहेब?"

"म्हणजे?"

"हुक रोलरमध्ये गेला तर रोलरला चरा पडतो. म्हणून विचारलं. आधी कुणी काढून देणार, की आम्ही काढायचे?"

"तुम्हीच."

"मग त्या वेळेपुरत्या चादरी कुणाकडे?"

शिट्टीनं गळ्यातली शिट्टी चाचपली.

"आणि चरा पडला तर भरून कोण देणार? ते सांगून ठेवा. म्हणजे आम्हाला माहीत असलेलं बरं."

"बघतो," शिट्टी म्हणाला. "वरती विचारून बघतो. तोवर चादरीच चालू द्या. अशाच." आणि जाता जाता दुसऱ्या मशीनवर उगाचच शिट्टी वाजवली.

जागा राहिली होती. धाकटीनं आपले हात पुन्हा एकदा उलटेपालटे करून पाहिले आणि एप्रन सोडला. थोरली भिंतीशी उभी राहून डाव्या हातानं एप्रनची गाठ सोडवायचा प्रयत्न करत होती. गाठ पाठीवर, उजव्या अंगाला. धाकटी जवळ गेली आणि न विचारता ती सोडली.

"तुझ्यावर उपकार केले नाहीत मी," थोरली पाठमोरीच म्हणाली. "मला नवी बाई नकोय एवढंच."

"मलाही नकोय."

"आणि तेव्हा जे बोलले ते बोलले. परत घेणार नाही."

"मीही विसरणार नाही."

"नको विसरूस." थोरली वळली. "अन् माझ्या खांद्याचं त्या पट्टीबाईपाशी बोललीस, तर बघ."

"सकाळीच बोललेय."

"काय?"

"उद्या कामावर येण्याआधी बोलावलंय तुम्हाला. गोळी मिळणार नाही, आधीच सांगते."

थोरलीचा हात उचलला गेला, बहुधा मारायला, आणि खांद्यापाशी अडकून तसाच राहिला. तिनं कळ गिळली.

"मेली चोंबडी," ती म्हणाली. मग, दारापर्यंत गेल्यावर, मागे न बघता, "काय विचारते ती?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "कधी दुखतं, एवढंच विचारते आधी. आणि कायमच असं म्हणू नका. चिडते."